विल्सन जोन्स सरांना एका प्रशिक्षकाचे आभारपत्र

आदरणीय जोन्स सर,
सविनय नमस्कार.

आपली भेट मला कधी लाभली नाही आणि २००३ साली आपण गेल्यामुळे ती आता होणेही नाही; तरीही आयुष्यभर मनात बाळगलेले ऋण एकदा शब्दांत मांडावे, म्हणून हे पत्र.

१९७९ साली, पुण्यात शाळेत असताना, मी बिलियर्ड्स शिकण्याचा हट्ट धरला तेव्हा घरात रडारड झाली, कारण हा खेळ एकतर क्लबातल्या साहेबांचा नाहीतर उनाड पोरांचा, असाच समज होता. वडिलांनी मात्र होकार दिला. १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी स्पर्धा जिंकून आपण वैयक्तिक खेळात भारताचे पहिले जगज्जेते झालात, ती बातमी त्यांच्या मनात ताजी होती. “जोन्स पुण्यातच जन्मले, त्यांचे काय वाईट झाले?” एवढेच ते आईला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी फीचे पैसे माझ्या हातात ठेवले. त्या पैशांमागे आपले नाव होते.

१९६४ साली न्यूझीलंडमध्ये आपण पुन्हा जगज्जेते झालात, राष्ट्रीय बिलियर्ड्सचे विजेतेपद बारा वेळा मिळवलेत. पण खेळाडू म्हणून थांबल्यावर आपण टेबल सोडले नाहीत, याचे मोल मला अधिक वाटते. ओम अग्रवाल, अशोक शांडिल्य यांसारखे खेळाडू आपल्या मार्गदर्शनाखाली घडले. अग्रवाल १९८४ साली जागतिक हौशी स्नूकर विजेते झाले, तर शांडिल्यांनी १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. १९९६ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आपल्याला द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मी स्पर्धा सोडून शिकवायला लागावे की नाही, या विचारात अडकलो होतो. तो निर्णय आपण सोपा केलात.

आज माझ्याकडे अकरा वर्षांची एक मुलगी शिकते. लाल चेंडू टेबलाच्या मध्यावर ठेवून ती मधल्या पॉकेटात इन-ऑफ मारते, म्हणजे तिचा चेंडू लालला लागून पॉकेटात जातो. त्याचे तीन गुण मी मोजत नाही. लाल चेंडू वरच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागून पुन्हा मध्याजवळ येतो का, तेवढेच दोघे पाहतो. काल तो सलग सात वेळा आला. क्यूला खडू लावता लावता तिने भिंतीवरच्या आपल्या छायाचित्राकडे बोट दाखवून विचारले, “हे सर तो किती वेळा परत आणायचे?”

आपला कृतज्ञ,
पुण्यातील एक बिलियर्ड्स प्रशिक्षक