भुसावळचा पाइप आणि जळगावचे नाना

आदरणीय नाना,

सविनय नमस्कार.

पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण तुमच्या पेनदुरुस्तीच्या दुकानात तुम्ही मला आभाराचं वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "आधी निब दाखवा," म्हणालात.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, भुसावळला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतिगृहात, स्वयंपाकी होते. इंग्रज गेले त्या साली एका गोऱ्या ड्रायव्हरने जाताना त्यांना आपला तंबाखू ओढायचा पाइप दिला. आजोबा विडी ओढायचे, त्यामुळे पाइप पत्र्याच्या पेटीत तसाच राहिला. यंदा पेटी उघडली, तर पाइपावर ना नाव, ना आकडा, ना शिक्का. एक भंगारवाला दोनशे रुपये म्हणाला. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून सांगितलं, हा डनहिल आहे, लंडनच्या नामांकित कंपनीचा, शिक्का घासून गेलाय, लाखाच्या खाली बोलू नका. दोनशे आणि लाख! त्या रात्री मला झोप नाही.

आणि मग मी मूर्खपणा केला. चिंच लावून पाइप घासला, धुतला आणि वैशाखाच्या उन्हात गच्चीवर कुरडयांशेजारी वाळत ठेवला. संध्याकाळी तोंडात धरायचा काळाभोर भाग शेवाळी-तपकिरी झालेला. पेनाचे एबोनाइट असेच रंग बदलते हे कोणीतरी सांगितलं, म्हणून अमळनेरहून तुमच्याकडे आले.

तुम्ही पाइप हातात घेतलात, तो काळा भाग अंगठ्याने जोरात घासलात आणि माझ्या नाकाशी धरलात. फटाक्याचा वास! रबरात गंधक घालून तापवलं की एबोनाइट होतं. ऊन आणि गरम पाणी लागलं की तेच गंधक वर येतं, हे तुम्ही समजावलंत. "ऊन कुरडयांना द्या, याला नको." हे बोलणं मला लागलं नाही, असं म्हणणार नाही.

पण खरी मजा पुढे होती. पेनं दुरुस्त करणाऱ्याला पाइपातलं काय कळणार, असं मनात होतं. रेल्वेचे साहेब तुटलेल्या दांड्या तुमच्या लेथवर करून घ्यायचे, हे मला कुठे ठाऊक! भिंग लावून तुम्ही लाकडावरच्या रेषा दाखवल्यात: समोरून उभ्या, बाजूने पाहिलं तर डोळेच डोळे. हे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाची, मूळ आणि खोड जुळतात तिथली गाठ. तासन् तास उकळून, महिनोन् महिने सुकवून मग कोरतात; लाकूडच इतकं घट्ट की आतल्या विस्तवाने सहजी पेटत नाही. मग तो काळा भाग फिरवून काढलात. आत हाडाचा स्क्रू. तोंडाकडचं भोक गोल, चपट्या फटीसारखं नाही; ही जुनी घडण. "शंभरेक वर्षांचा असावा. ड्रायव्हरच्या हातात आला तेव्हाच जुना असेल." आजोबांच्या आधीही त्याचा कोणी मालक असेल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

डनहिलचं काय, हे मी विचारलंच. त्यांचा पांढरा ठिपका तोंडात धरायच्या काळ्या भागात बसवलेला असतो, नुसता रंगवलेला नसतो. घासून जायचा नाही. इथे ठिपक्याची खूणही नाही. बनवणारा कोण, या प्रश्नाला तुम्ही दोनदा मान हलवलीत आणि तिसऱ्यांदा विचारू दिलं नाहीत.

लाकडी दांडीवरची पट्टी चांदीची असावी ही माझी शेवटची आशा. इंग्रजी चांदी असती तर सिंहाचा छाप दिसला असता, बर्मिंगहॅमची असती तर जहाजाचा नांगरही. तरी तुम्ही मला शेजारच्या सराफाकडे पाठवलंत. कसोटीवर घासून तो हसला. जर्मन सिल्व्हर! तांबं, निकेल, जस्त; नावातच काय ती चांदी. परत आले तर तुम्ही भिंगाखाली पट्टीच्या कडेतून निघणारी केसाएवढी रेघ दाखवलीत. दांडी तडकली होती, आणि ती झाकायला, धरून ठेवायला पट्टी घातलेली. पाइपाच्या वाटीवर एक खाच लांबी भरून बुजवलेली, तीही दाखवलीत. वर म्हणालात, "लोक सांगतात ती किंमत धरू नका, विकला गेला ती धरा. याला हौशी माणसाने दीड-दोन हजार दिले तर डोळे मिटून घ्या."

लाख गेले. तरी बसमध्ये हलकं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. विकायचं की नाही हे ठरवायचीही गरज उरली नव्हती. घरी आईने तर अहिराणीत एका वाक्यात मिटवलं: "मना बापनी चिलीम शे ती."

तुम्ही माझ्याकडून घेतलेत चाळीस रुपये, तेही निब सरळ केल्याचे. पाइप पाहण्याचे पैसे विचारले तर लेथ सुरू केलीत, म्हणजे मला ऐकू येऊ नये!

तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी पाइपासोबत काचेच्या कपाटात ठेवली आहे: ब्रायर, बनवणारा अज्ञात, पट्टी जर्मन सिल्व्हर, खाली तडा. 'खाली तडा' एवढं खोडा, असा आईचा आग्रह आहे. मी खोडलेलं नाही.

निब पुन्हा अडतेय. पुढच्या सोमवारी येते. येताना कुरडया आणेन, चांगल्या उन्हात वाळलेल्या.

आपली,
अमळनेरची पाइपवाली