छत्री बसवणाऱ्याने सिग्नलचा आकडा लिहून द्यावा

मा. संपादक,
स. न.

कोकणात जून सुरू झाला की घरोघरच्या टीव्हीवर चित्र फुटू लागते आणि दोष सरसकट पावसाच्या माथी मारला जातो. पाऊस अगदीच निर्दोष आहे असे नाही. घरगुती छत्रीवर (डिश अँटेनावर) येणारा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे 10 गिगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतेचा असतो आणि मुसळधार सरीत तो क्षीण होतोच. पूर्वीच्या सहा-आठ फुटी छत्र्या सी बँडवर, म्हणजे त्याहून कमी वारंवारतेवर चालत, त्यांना हा त्रास बराच कमी होता. परंतु जोराच्या सरीत काही मिनिटे चित्र जाणे वेगळे आणि साध्या भुरभुरीत संध्याकाळभर जाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात खोट बहुतेक वेळा छत्री बसवण्यात असते, आणि तिची जबाबदारी कोणाचीच नसते, हे या पत्राचे कारण आहे.

मासिक शुल्क घेणाऱ्या कंपन्यांकडे निदान तक्रार नोंदवता येते. डीडी फ्री डिशचे तसे नाही. डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली प्रसार भारतीची ही सेवा फुकट आहे. साधारण दीड-दोन हजार रुपयांत छत्री, एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल टिपून वाढवणारा भाग), बॉक्स आणि वायर मिळते, पुढे रिचार्ज नाही. वाडी-वस्तीवरच्या घरांना ती परवडते ती यामुळेच. मात्र सामान बाजारातले, बसवणारा दुकानदाराच्या ओळखीतला, आणि चित्र दिसले की तो पैसे घेऊन गेलेला.

चित्र दिसणे हा छत्री नीट लागल्याचा पुरावा नव्हे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीच्या पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ (सिग्नलचा जोर) आणि क्वालिटी (सिग्नलची शुद्धता). स्ट्रेंग्थ भरपूर दिसली की बसवणारे खूश होतात. वास्तविक एलएनबी नुसता गोंगाटही वाढवून पाठवतो, त्यामुळे छत्री भलतीकडे असली तरी ती पट्टी भरलेली दिसू शकते. पाहायची ती क्वालिटी. कोरड्या दिवशी ती काठावर असेल तरीही चित्र स्वच्छच दिसते, कारण डिजिटल चित्र हळूहळू धूसर होत नाही. मर्यादेच्या खाली गेले की एकदम फुटते. म्हणजे पावसासाठी शिल्लक किती ठेवली आहे, हे मे महिन्यातल्या चित्रावरून कळतच नाही.

फ्री डिशच्या वाहिन्या ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येतात, तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश उंचीवर येतो. आपल्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या, म्हणजे एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असलेल्या, असल्याने त्या बऱ्याच उभ्या दिसतात आणि समोरच्या माडीकडे पाहत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात वाट मोकळी हवी ती त्याहून बरीच वर. आंब्याची नवी फांदी किंवा माडाची झावळी तिथे आली की दोन वर्षे उत्तम चाललेली छत्री रुसते आणि लोक बॉक्स बदलतात. जांभ्याच्या चिऱ्यात ठोकलेले बोल्ट वाऱ्याने सैल होतात. स्लॅब किंवा पुरलेला लोखंडी खांब असेल तर तोच धरावा. एफ कनेक्टर, म्हणजे वायर जोडायचे टोक, उघडा ठेवला तर पाणी वायरीतून थेट आत उतरते. त्यावर रबरी टेप गुंडाळणे आणि वायरीला खाली एक झोळ देणे याला पाच मिनिटेही लागत नाहीत, तरी ते क्वचितच केलेले आढळते. जास्त पावसाच्या भागात 60 सेंटीमीटरऐवजी 90 सेंटीमीटरची छत्री घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; तिचे क्षेत्रफळ सव्वादोनपट असते, आणि महागडा बॉक्स घेण्यापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडतो.

बॉक्स मात्र एमपीईजी-4 (चित्र दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत) चालवणारा असावा, कारण जुन्या एमपीईजी-2 बॉक्सवर त्या पद्धतीच्या वाहिन्या उमटत नाहीत. वाहिन्यांच्या जागांचा लिलाव झाल्यावर यादी बदलते, तेव्हा पुन्हा स्कॅन करावे लागते. शिवाय मार्चच्या पूर्वार्धात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीला काही दिवस सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो आणि काही मिनिटे सिग्नल जातो. त्यासाठी कोणी दुरुस्तीचे पैसे मागितल्यास देऊ नयेत.

प्रसार भारतीला आणि विक्रेत्यांच्या संघटनांना माझी सूचना साधी आहे. छत्री बसवणाऱ्याने पावतीवर कोरड्या दिवशीची क्वालिटी, छत्रीचा आकार आणि तारीख लिहून द्यावी. हा आकडा बॉक्सगणिक वेगळा असतो हे खरे, म्हणून शेजारच्या घराशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण आपल्याच बॉक्सवर तो पुढे घसरला तर छत्री हलली, झाड आडवे आले की कनेक्टर गंजला, हे तपासायला ग्राहकाच्या हाती आधार राहील. पहिल्या पावसाळ्यात छत्री सरकल्यास ती विनामूल्य पुन्हा लावून देण्याची अटही त्याच पावतीवर असावी.

आपला,
एक ग्राहक,
राजापूर (जि. रत्नागिरी)