धक्का मारायला आलेल्या काकांचे आभार

माझ्या जुन्या मोटरसायकलचा सेल्फ दाबला की मोटर नुसती घरघरायची, इंजिन जागचं हलायचं नाही. ज्याला विचारावं तो म्हणे, बॅटरी बदला. बदलली, तरी तेच. त्यात गाडीला किक नाही!

काका, तुम्ही खरं तर धक्का मारायला आला होतात. पण आधी म्हणालात, "परत एकदा सेल्फ मारा बरं." कान लावून ऐकलंत. "बॅटरी उतरली असती तर मोटर दमली असती. ही सुसाट फिरतेय, म्हणजे मोटरची फिरकी इंजिनला देणारा स्टार्टर क्लच सुटतोय."

संध्याकाळी स्वतःचा पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार, घेऊन आलात. ज्याच्या मागे हा क्लच असतो त्या मॅग्नेटला (इंजिनच्या दांड्यावरच्या चुंबकाच्या चाकाला) हातोडी लावू दिली नाहीत, हे विशेष. क्लचचा गिअर एकीकडे फिरायला आणि दुसरीकडे अडायला हवा. आमचा दोन्हीकडे मोकळा. आत रोलर झिजलेले, एक स्प्रिंग पार दबलेली. मग गिअर पुसून माझ्या हातात दिलात आणि त्याच्या गुळगुळीत भागावरून नख फिरवायला लावलंत. "नख अडत नाही ना? मग गिअर चालेल, उगाच खर्च नको."

नवे रोलर, स्प्रिंगा बसवल्यावर बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून त्यांना थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावलंत, आणि कव्हर बंद करण्याआधी गिअर मलाच फिरवून बघायला सांगितलंत. असं कोण करतं हो?

पैसे घेतले नाहीत, नावही सांगितलं नाहीत. मनापासून आभार, काका. गाडी आता एका सेल्फमध्ये उठते, आणि कव्हरखालच्या नव्या गॅस्केटमधून (सांधा बंद करणाऱ्या पट्टीतून) तेलही झिरपत नाही.