मुक्कामी गाडी परत सुरू करा

महोदय,

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे. योजना चांगल्याच. पण जत पूर्व भागातल्या आमच्यासारख्या गावात सकाळी दहा वाजेपर्यंत गाडीच येत नसेल, तर सवलत घ्यायची कुठं? वडापवाला, म्हणजे खासगी जीपवाला, पास बघत नाही आणि अर्ध्या पैशात कुणाला बसवतही नाही.

पूर्वी आमच्याकडे मुक्कामी गाडी होती. रात्री यायची, चालक-वाहक गावातच झोपायचे आणि सकाळी सहाला तीच गाडी जतला सुटायची. तिच्यावर पोरांचा पहिला तास सापडायचा. जतहून मिरज-सांगली ८०-९० किलोमीटर, तरी केसपेपर काढायला माणूस वेळेत पोचायचा. आता ओपीडी गाठायची तर आदल्या दिवशी पाहुण्यांकडे मुक्कामाला जावं लागतं, नाहीतर गाडी ठरवावी लागते. अडल्या वेळी १०८ येते, नाही असं नाही. पण डायलिसिसला, शुगरच्या तपासणीला, बाळंतपणाआधीच्या सोनोग्राफीला १०८ कोण बोलावणार? म्हातारी माणसं मग तारीख चुकवतात आणि मेडिकलमधून जुनीच गोळी आणतात.

फेरी बंद करताना भारमान नाही, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, असं कारण सांगितलं गेलं. रात्रीची खेप अर्धी रिकामी असायची, हे खरं. पण सकाळी त्याच गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. दोन्ही खेपांचा हिशेब एकत्र करायला हवा. शिवाय सवलतीचे पैसे सरकार एसटीला भरून देतं, मग पासवाली मुलगी तोट्याची प्रवासी कशी?

दोष गावाचाही आहे. चालक-वाहकांना आपण काय दिलं? ग्रामपंचायतीचा व्हरांडा, डास, आणि सकाळी संडासला जायचं तर डबा. दिवसभर गाडी चालवलेल्या माणसाने तिथं का झोपावं? ग्रामपंचायतींनी पाणी, दिवा, न्हाणीघर आणि संडास असलेली एक खोली द्यावी, तसा ग्रामसभेत ठराव करून आगाराला कळवावा.

एसटीनेही जूनमध्ये कॉलेजं सुरू व्हायच्या आत या फेऱ्या वेळापत्रकात घ्याव्यात. जतहून रात्रीची गाडी आठच्या आत सोडू नये. तिथल्या दुकानांत, गॅरेजमध्ये कामाला असलेली आमची पोरं त्याआधी सुटत नाहीत.

– एक वाचक, जत पूर्व भाग (जि. सांगली)