तुझ्या ७०-२०० ला गोळी लागली

काय गा दोस्ता,

चार महिने झाले, ना मेसेज ना फोन. रागावला असशील, तुझं बरोबरच आहे. घरी सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच. फोनवर सांगायची छाती होईना म्हणून लिहालोय.

तुझ्या ७०-२०० लेन्सवर पेंटबॉल, म्हणजे खेळातली रंगाची गोळी, बसली.

जांबोटी रोडला एका कंपनीच्या पोरांची पेंटबॉलची मॅच होती, फोटोचं काम मला मिळालेलं. जाळीच्या बाहेर उभा राहिलो असतो तर काही झालं नसतं, लेन्स जाळीला चिकटवून तिचं छिद्र पूर्ण उघडं, २.८ वर, ठेवलं की दोरे फोटोत दिसतसुद्धा नाहीत. पण मला मास्कमधले डोळे पाहिजे होते, म्हणून मास्क घालून आत गेलो. मार्शल, म्हणजे मॅचचा पंच, कानडीत ओरडालाता, ‘हिंद सर्री, हिंद सर्री’, मागं सरका म्हणून, आणि मी व्ह्यूफाइंडरमध्ये. गोळी ३ ग्रॅमची, जिलेटिनचं कवच, पण सेकंदाला २८० फूट येते गा! लेन्सच्या तोंडावरच्या नळीत, हूडच्या आत, सरळ शिरली.

राजहंसगडावरचं भांडण आठवतं? तू म्हणत होतास चांगल्या लेन्सपुढं फिल्टरची जादा काच लावणं म्हणजे खिडकीच्या काचेतून फोटो काढणं, मी म्हणत होतो फिल्टर पाहिजेच, गड उतरेपर्यंत बोलला नाहीस, शेवटी कुंदा चारला तेव्हा तोंड उघडलंस. तर तो फिल्टर फुटला, लेन्स नाही. मी जिंकलो म्हणणार होतो, पण फिल्टरचा चुरा पेंटमध्ये मिसळून पुढच्या काचेवर बसला आणि मी घाबरून शर्टाच्या टोकानं पुसलं. तिथंच चुकलं लेका. पेंट पाण्यात विरघळणारा, त्याला काय घाई होती? लेन्स उलटी धरून, ब्लोअरनं चुरा उडवून मग ओल्या कापडानं टिपायचं. आता कडेला दोन चरे पडलेत. नेहमीच्या फोटोत काही कळत नाही, पण ऊन समोरून आलं की धुरकट दिसतं. फिल्टरची रिंग वाकून अडकली होती, ती कापून काढली.

आता हूडच्या तोंडाला पॉलीकार्बोनेटची ३ मिलिमीटरची चकती बसवलीय, मास्कची काच असते तीच जात, फुटत नाही. आतल्या काचेपासून लांब राहते म्हणून धक्का पोचत नाही. लगेच चरे धरते आणि फोटो थोडा फिका पडतो, पण चकती बदलता येते. जुन्या हूडला लावून पोरांकडून दहा गोळ्या मारून घेतल्या, टिकली.

हे आधी सुचायला पाहिजे होतं. गाडी विकून घेतलेली लेन्स तू, पुण्याला जाताना माझ्या हातात दिलीस, ‘वापर’ एवढंच म्हणालास. चार महिने तेच डोक्यात फिरालंय. पुढची काच बदलून घेऊ की तुला दुसरीच घेऊन देऊ, तू सांगशील तसं. पैसे बाजूला ठेवलेत.

पिल्लू चालायला लागलं म्हणे, फोटो पाठव. वहिनींना नमस्कार. नवीन नोकरीचं काय झालं?

पाऊस सुरू झालाय, बुरशी धरू नये म्हणून लेन्स डब्यात सिलिका जेल टाकून ठेवलीय. तुझं उत्तर येईपर्यंत बाहेर काढत नाही.

तुझाच,
शहापूरवाला