पाय दिलात, आता दुरुस्तीचंही बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडी सुरू झाली की बेळगावात दर दोन-तीन रविवारी कुठली ना कुठली रन असतेच, आणि त्यातल्या काही कृत्रिम पायांसाठी पैसे जमवायला असतात. मीही एका रनला पाच किलोमीटर पळालो, पहाटे साडेपाचला कॅम्पात पोरं-म्हातारी सगळी टीशर्ट घालून उभी बघून खरंच भरून आलं. त्यामुळे हे पत्र कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही, खरं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे मामा खानापूर तालुक्यातले. ऊस तोडणीच्या सीझनला ट्रॉली उलटली, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. वर्षभरानं एका शिबिरात त्यांना पाय मिळाला, एक रुपया घेतला नाही, त्या लोकांचे उपकार आम्ही विसरणार नाही. (फॉर्म तेवढा फक्त कन्नडमध्ये होता, मामींना वाचता येईना, शेजारच्या पोरानं भरून दिला.) पहिले चार-पाच महिने मामा बांधावरनं फिरून यायचे. मग पाय सैल व्हायला लागला. कापून उरलेला भाग, ज्याला तिथले लोक स्टंप म्हणतात, तो पहिल्या वर्षात हळूहळू बारीक होतो आणि तो ज्यात बसतो ते मापानं केलेलं सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, मोठं पडतं, हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. मामांनी आधी एक मोजा घातला, मग दोन, मग जुन्या बनियनच्या पट्ट्या गुंडाळायला लागले, चालताना आतनं कट् कट् आवाज यायचा. नडगीच्या हाडावर जखम झाली. तेव्हापासनं तो पाय दाराच्या मागं उभा आहे आणि मामा परत कुबड्यांवर.

मला विचारतात, "पाय दिल्यात खरं, सर्व्हिसिंग कुठं करायची रे ह्येची?" मोटारसायकलची होते, पंपाची होते, मग ह्याची का नको?

जयपूर फूट हा कृत्रिम पाय १९६८ च्या सुमारास डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी केला तो आपल्यासारख्यांसाठीच, मांडी घालून बसता यावं, अनवाणी चिखलात जाता यावं म्हणून. १९७५ पासून जयपूरची संस्था तो फुकट बसवून देते. म्हणजे पाय चांगलाच आहे, अडतंय ते त्याच्या वरच्या सॉकेटच्या मापात. आणि लहान पोरांचं तर विचारूच नका, पोर वाढतंय तसा पाय आखूड पडतो, दर वर्ष-दीड वर्षाला नवीन लागतो. शुगरमुळे पाय गेलेल्यांना जखम झालेली लवकर कळतसुद्धा नाही, त्यांना सैल सॉकेट फार धोक्याचं. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर असल्यानं बऱ्याच गावांत रिटायर्ड फौजी आहेत, ते पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचं नाव सांगतात, खरं सॉकेट घासून घ्यायला किंवा एक पट्टा बदलायला कुबड्यांवरच्या माणसानं साडेतीनशे किलोमीटर जायचं म्हणजे सोबत एक माणूस, दोघांची तिकिटं आणि दोन दिवसांची मजुरी गेली.

म्हणून रन भरवणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे, शंभर पाय द्यायचे असतील तर ऐंशी द्या, उरलेल्या पैशातनं बेळगावात महिन्यातनं एक दिवस तरी एखादा टेक्निशियन बसवा, मापं परत घ्या, पट्टे-मोजे ठेवा. निपाणी, खानापूरला वर्षातनं दोनदा गाडी फिरवा. पाय दिलेल्या माणसाचा फोन नंबर तुमच्याकडं असतोच, सहा महिन्यांनी एक फोन करून "चालताय काय?" एवढं विचारा. आणि स्टेजवर फक्त पाय वाटपाचे फोटो लावू नका, मागच्या वर्षी दिलेल्यातले किती जण अजून तो पाय घालतात तेही सांगा.

पुढच्या रनला मी नाव घालणार आहेच. फी भरायच्या आधी विचारणार आहे, दुरुस्तीला किती ठेवलंय म्हणून.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव