आण्णांचे पाय चाचपत रात्रभर जागलेल्या सिस्टरना

सिस्टर, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाहीये, कारण निघताना तुम्हीच म्हणालात की नावबिव कशाला, ड्युटीच होती माझी. पण मला तुमचे आभार मानायचेच आहेत आणि ते चार लोकांनी वाचावेत असंही वाटतं, म्हणून इथे उघडच लिहितेय.

मे महिन्याचा शेवट होता, मी पोरांना घेऊन माहेरी महाडकडे आले होते. पाऊस तोंडावर आला म्हणून आण्णा संध्याकाळी पडवीत लाकडं रचत होते आणि बोटाला विंचू डसला, तो लालसर बारका असतो ना आमच्या कोकणात, तोच. आधी म्हणाले काय नाय होत, चुना लावा. दुखत पण फार नव्हतं. पण अर्ध्या तासात उलटी झाली आणि घाम असा सुटला की बनियन पिळून काढावं, आणि एवढ्या उकाड्यात हातपाय मात्र गारठलेले. शेजारचे काका म्हणाले आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेऊया, जवळच आहे, तेव्हा आमची आजी, जी कधी कुणावर आवाज चढवत नाही, ती खाटेवरून ओरडली, "पयला दवाखान्यात न्या त्याला!" आणि हट्टाने स्वतःपण रिक्षात बसली.

ती का ओरडली ते आम्हाला तुमच्या समोरच कळलं. आण्णांच्या पाठची बहीण, सात वर्षांची, १९७४ साली अशीच विंचवाने गेली. रात्रभर मंत्र चालले, पहाटे पोरीला धाप लागली, तोंडाला लालसर फेस आला आणि संपलं. एक आत्या होती आणि लहानपणी गेली एवढंच आम्हाला माहीत होतं. त्या रात्री बाकड्यावर बसून आजी पहिल्यांदा बोलली की मीच नेली होती तिला मांत्रिकाकडे, आणि तुम्ही सलाईन बघता बघता वळून म्हणालात, "आजी, तुमची चूक नव्हती, तेव्हा यावर औषधच नव्हतं." सिस्टर, पन्नास वर्षं ती बाई हे पोटात घेऊन जगली हो. तुम्ही एवढं बोललात आणि ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ रडली.

घरी आल्यावर मी याबद्दल वाचत बसले आणि खरंच तेव्हा औषध नव्हतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचवाची माणसं त्यांच्यासमोर जात होती. ते पेशंटच्या उशाशी बसून सगळं टिपत राहिले, घाम, उलटी, गार हातपाय, बीपी, आणि हे लोक नेमके हृदयाने आणि फुफ्फुसात पाणी भरून जातात हे त्यांनी १९८२ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात मांडलं. विष शरीराला एकदम अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं ओतायला लावतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं. मग बीपीसाठी वापरायची प्राझोसिन नावाची साधी गोळी, जी आवळलेल्या वाहिन्या सैल करते, ती त्यांनी इथे वापरून बघितली आणि १९८६ ला तेही छापून आलं. लाल विंचवाने आधी शंभरातले चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली, पण मला तर वाटतं की आमच्या भागात घरटी एक माणूस त्यांचं देणं लागतो. आमची आत्या मात्र त्या गोळीच्या दहा-बारा वर्षं आधी गेली.

पण गोळी कपाटात असून भागत नाही, कुणीतरी जागावं लागतं. डॉक्टर एकटेच, आत डिलिव्हरी चाललेली, ते येऊन तपासून गोळी आणि विंचवाची लस सांगून परत आत धावले, आणि पुढची अख्खी रात्र तुमची होती. आण्णांना सारखं उठून बसायचं होतं, तुम्ही उठू दिलं नाहीत, या गोळीने बीपी एकदम खाली येतं काका, झोपूनच राहायचं, असं किती वेळा सांगितलं असेल, आणि एकदाही आवाज चढला नाही. दर थोड्या वेळाने यायचात आणि बीपीच्या आधी पायाचे अंगठे हातात धरून बघायचात. मला कळेना हे काय. म्हणालात, पाय गरम झाले की समजायचं गोळी लागू पडली. मग मी पण धरून बसले. दोनच्या पुढे कधीतरी डावा अंगठा किंचित कोमट लागला, मला वाटलं माझ्याच हाताची ऊब असेल, म्हणून तुम्हाला हाक मारली, तुम्ही धरून बघितलात आणि पहिल्यांदा हसलात.

ग्लोव्हजच्या खोक्याचा तो पुठ्ठा, ज्यावर तुम्ही गोळीच्या वेळा लिहीत होतात, तो मी मागून घेतला होता. आजीने तो देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवलाय. ८.१५ गार. ११.१५ गार. २.१५ कोमट. ५.१५ गरम.

गणपतीत घरी या सिस्टर, आण्णा स्वतः न्यायला येतील म्हणालेत.